हिशेबी उडी

30 जुलै 2016 रोजी अमेरिकेत फॉक्स वाहिनीने एक उडी थेट दाखवली. ल्यूक एकिन्स नावाचा स्कायडायव्हर कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीवर 25,000 फुटांवरून विमानाबाहेर पडला आणि पाठीवर पॅराशूट न बांधता, खाली ताणून ठेवलेल्या शंभर फूट लांब-रुंद जाळ्यात येऊन पडला. कार्यक्रमाची सगळी जाहिरात ‘पॅराशूट नाही’ या दोन शब्दांवर उभी होती. त्या दिवसाचं खरं मर्म मात्र उडीच्या थोडं आधी घडलेल्या एका वादात आहे. दूरदर्शनवर काम करणाऱ्या कलाकारांच्या संघटनेने ऐन वेळी अट घातली, की सुरक्षेसाठी पॅराशूट बांधलंच पाहिजे, मग ते उघडो न उघडो. एकिन्स उडी रद्द करायला निघाला. जाळ्यात तो पाठीवर पडणार होता, त्यामुळे पाठीवरचं ओझंच त्याला जायबंदी करण्याची शक्यता जास्त होती. शेवटी अट मागे घेतली गेली आणि उडी झाली. पॅराशूटविना उडी मारायला तयार असलेला माणूस पॅराशूट बांधायला लावलं म्हणून माघार घ्यायला निघतो, हे धाडसाच्या आपल्या नेहमीच्या कल्पनेत बसत नाही. त्याच्यामागे सुमारे 18,000 उड्यांचा अनुभव होता, जाळ्यात आधी वजनदार पुतळे टाकून पाहिले होते, आणि खाली येताना नेम बरोबर आहे की नाही हे सांगणारे दिवे जमिनीवर लावलेले होते. या हिशेबात न बसणारी एक वस्तू वाढवली, की तो हिशेबच मोडत होता.

आकाशातून उडी मारणारा आणि टीव्हीवरच्या खेळात लाखो रुपये पणाला लावणारा, या दोघांना आपण एकाच जातीचे समजतो: बेधडक, नशीब आजमावणारे, ‘जे होईल ते होईल’ म्हणणारे. वाहिन्यांनाही हा समज सोयीचा आहे, म्हणून स्टंटच्या कार्यक्रमांत विमान, हेलिकॉप्टर आणि उंच मनोरे हटकून येतात. माझं म्हणणं असं, की या दोन खेळांची रचना एकमेकांच्या नेमकी उलट आहे. स्कायडायव्हिंगने गेल्या साठ-सत्तर वर्षांत महत्त्वाचे निर्णय हवेतून काढून जमिनीवर आणले. गेम शो मात्र आधी घेता येण्याजोगा निर्णय ओढत ओढत त्याच क्षणी आणून ठेवतो, ज्या क्षणी माणूस निर्णय घ्यायला सर्वांत नालायक असतो.

एका साध्या उडीची उभी मांडणी पाहू. विमान साधारण 13,000 फुटांवर जातं. बाहेर पडल्यावर दहा-बारा सेकंदांत हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षण यांचा तोल जमतो आणि पोट खाली करून पडणाऱ्याचा वेग ताशी 190-200 किलोमीटरच्या आसपास स्थिर होतो. यापुढे तो वाढत नाही, म्हणून अनुभवी मंडळी सांगतात की पडतोय असं वाटतच नाही, जोरदार वाऱ्यावर आडवं झाल्यासारखं वाटतं. जेमतेम मिनिटभराने, अनुभवानुसार तीन ते पाच हजार फुटांच्या दरम्यान, मुख्य पॅराशूट उघडायचं. ते बहुतेक वेळा नीट उघडतं, आणि शेकडो उड्यांत एखाद्या वेळी उघडत नाही किंवा दोऱ्या गुंतून गरगर फिरू लागतं. अशा वेळी करायचं काय, हे अमेरिकेच्या स्कायडायव्हिंग संघटनेच्या नियमांत लिहून ठेवलेलं आहे. विद्यार्थ्याने आणि पहिल्या पातळीच्या परवानाधारकाने 2,500 फुटांच्या खाली येण्याआधी निर्णय घेऊन तो अमलात आणलेला असला पाहिजे, त्यावरच्या पातळीच्या लोकांनी 1,800 फुटांच्या खाली येण्याआधी. निर्णय म्हणजे बिघडलेलं पॅराशूट तोडून टाकायचं आणि राखीव उघडायचं. पूर्ण वेगात असलेल्या माणसाला 2,500 फुटांवरून जमीन चौदा-पंधरा सेकंदांवर असते. एवढ्या वेळात विचार करता येतो, हा भ्रम आहे. म्हणून विद्यार्थ्याला पहिल्या उडीआधी पट्ट्यांना लटकवून तेच तेच करायला लावतात: बघ, पकड, ओढ, मग दुसरी मूठ ओढ. राखीव पॅराशूटची घडी प्रशिक्षित आणि परवानाधारक माणूसच घालतो. आणि हे सगळं चुकलंच, उडी मारणारा बेशुद्ध पडला किंवा उंचीचं भान सुटलं, तर पाठीवरचं छोटं यंत्र उंची आणि वेग मोजून राखीव पॅराशूट आपोआप उघडतं. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथने बनवलेलं ‘सायप्रेस’ हे यंत्र 1991 मध्ये बाजारात आलं. माणसाने हवेत काही ठरवायचंच राहू नये, या विचाराचं ते टोक आहे.

हा एवढा खटाटोप का, याचं उत्तर शरीरात आहे. 1960 च्या दशकात वॉल्टर फेन्झ आणि सीमूर एपस्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी उडी मारायला निघालेल्यांच्या हृदयाची आणि श्वासाची गती, त्वचेवरच्या घामातून कळणारी उत्तेजना असं सगळं मोजलं. नवख्यांची भीती विमान वर जाईल तशी चढत गेली आणि दाराशी कळसाला पोचली. अनुभवींच्या शरीरातही भीती होतीच, पण तिचा कळस आधी येऊन गेला होता, आणि प्रत्यक्ष उडीच्या वेळी आलेख खाली उतरलेला होता. अनुभवाने भीती मरते, ही समजूत इथे खोटी ठरते. अनुभवाने भीतीची वेळ बदलते. भ्यायचं ते ऐन क्षणाच्या आधीच पुष्कळसं उरकून झालेलं असतं. दुसरा प्रयोग 2007 चा. चेस स्टेटसन, मॅथ्यू फिएस्टा आणि डेव्हिड ईगलमन यांनी स्वयंसेवकांना 31 मीटरवरून खालच्या जाळ्यात सोडलं. संकटात काळ संथ होतो असं सगळेच सांगतात, ते खरं आहे का हे त्यांना पाहायचं होतं. स्वयंसेवकांना आपलं पडणं दुसऱ्यांच्या पडण्यापेक्षा सरासरी 36 टक्के लांब वाटलं. पण मनगटावरच्या यंत्रात वेगाने लुकलुकणारे आकडे त्यांना एरवीपेक्षा जास्त चांगले वाचता आले नाहीत. म्हणजे काळ लांबतो तो आठवणीत. जास्तीची सेकंदं हाताला लागत नाहीत. ‘अजून वेळ आहे’ असं वाटणं आणि वेळ असणं, या दोन गोष्टींची फारकत होते. स्कायडायव्हर मनगटावर उंचीमापक आणि हेल्मेटमध्ये कानाशी वाजणारी सूचक शिट्टी बाळगतो, ती या फारकतीवरचा इलाज म्हणून.

आता तोच नवखा माणूस हॉट सीटवर बसवून पाहा. गेम शोमध्ये जवळजवळ प्रत्येक स्पर्धक आयुष्यात पहिल्यांदाच आणि एकदाच आलेला असतो, म्हणजे फेन्झ-एपस्टाइनच्या भाषेत तो कायम पहिल्याच उडीवर असतो. दिवे मंद होतात, ठोक्यांसारखं संगीत वाजतं, सूत्रसंचालक उत्तर ‘लॉक’ करण्याआधी पुन्हा पुन्हा विचारतो. ही सजावट नव्हे. खेळाचं यंत्रच तसं बांधलेलं आहे. आणि तरीही त्यात शहाणी माघार घेता येते. 2019 मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या अकराव्या पर्वात अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या. शाळेत खिचडी शिजवण्याचं काम, महिना दीड हजार रुपये पगार. सात कोटींचा प्रश्न समोर आला तेव्हा त्यांनी खेळ सोडला. या निर्णयाचा नुसता गणिती हिशेब केला तर तो चुकीचा निघतो! उत्तर चुकलं असतं तर रक्कम 3 लाख 20 हजारांवर घसरली असती. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तरी बरोबर येण्याची शक्यता एक चतुर्थांश, म्हणजे सरासरी प्राप्ती पावणेदोन कोटींच्या थोडी वर. हातातल्या एक कोटीपेक्षा ती बरीच जास्त आहे. शुद्ध सरासरीवर चालायचं तर चौदा टक्के खात्री असली तरी खेळायला हवं. पण कोणताही शहाणा माणूस असं करणार नाही, आणि त्याचं कारण डॅनिएल बर्नूली या गणितज्ञाने 1738 मध्येच मांडून ठेवलं आहे: रकमेची किंमत ती कोणाच्या हातात आहे यावर ठरते. दीड हजार पगाराच्या घरात पहिला कोटी सगळं बदलतो, पुढचे सहा कोटी तितकं बदलत नाहीत. सरासरी ही हजार वेळा खेळणाऱ्याच्या कामाची. एकदाच खेळणाऱ्याने, चुकलं तर आपण कुठे येऊन पडतो, हे आधी पाहायचं. बिघडलेलं पॅराशूट ‘कदाचित सुटेल’ म्हणून झटकत न बसता तोडणाऱ्याचा हिशेबही हाच असतो. ते सुटण्याची शक्यता बरी असेलही, पण न सुटलं तर दुसरी फेरी नाही.

अशी माघार जमत नाही तेव्हा काय होतं, याचाही पुरावा गेम शोंनीच दिलेला आहे. ‘डील ऑर नो डील’ हा मूळचा नेदरलँड्सचा कार्यक्रम. आपल्याकडे 2005 मध्ये सोनी वाहिनीवर आर. माधवनने त्याचं सूत्रसंचालन केलं होतं. बंद पेट्यांत वेगवेगळ्या रकमा असतात, एकेक पेटी उघडत जायची, आणि मधूनमधून ‘बँकर’ ठरावीक रक्कम देऊन खेळ थांबवायची संधी देतो. ज्ञान नाही, कौशल्य नाही, फक्त ‘घेऊ की पुढे जाऊ’. थिएरी पोस्ट, मार्टिन व्हॅन डेन असेम, खिडो बाल्टुसेन आणि रिचर्ड थेलर (2017 चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते) यांनी नेदरलँड्स, जर्मनी आणि अमेरिकेतल्या 151 स्पर्धकांचे निर्णय तपासून 2008 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त निबंध लिहिला. त्यातला फ्रँक नावाचा डच स्पर्धक माझ्या मते या विषयातला सर्वांत शिकवणारा माणूस आहे. पाच लाख युरोंची पेटी त्याच्या हातून अवेळी उघडली गेली. त्यानंतर तो घसरतच गेला आणि घसरेल तसा जास्त हट्टाने चांगल्या बोली नाकारत राहिला. शेवटी दोन पेट्या उरल्या, एकीत 10,000 युरो, दुसरीत 10. बँकरने 6,000 देऊ केले, म्हणजे दोन्ही पेट्यांच्या सरासरीपेक्षाही हजारभर जास्त. त्याने नाकारले आणि दहा युरो घेऊन घरी गेला. अभ्यासकांना दिसलं, की मोठं नुकसान सोसलेले स्पर्धक गेलेलं भरून काढण्यासाठी जास्त जोखीम घेतात. मोठा लाभ झालेलेही सैल होतात, कारण तो पैसा त्यांना अजून आपला वाटत नसतो. आधी काय घडलं याचा पुढच्या पेटीतल्या रकमेशी काडीचा संबंध नाही, निर्णयाशी मात्र आहे.

हा फ्रँक आकाशातही असतो. शेकडो किलोमीटर गाडी चालवून उडीच्या मैदानावर आलेला, पैसे भरलेला, दिवसभर ढग हटायची वाट पाहिलेला माणूस संध्याकाळी वाऱ्याचा वेग वाढल्यावरही म्हणतो, एवढं आलोय तर एक उडी होऊनच जाऊ दे. किंवा पॅराशूट अर्धवट उघडलेलं असताना ‘आणखी एकदा ओढून बघू’ म्हणत शेकडो फूट घालवतो. झालेला खर्च भरून काढण्याची ओढ तीच. फरक इतकाच, की या खेळाने त्या ओढीला रोखायला आधीच भिंत घातली आहे. वारा ठरावीक वेगाच्या वर गेला की विद्यार्थ्यांचं उडणं बंद, तो कुठून आला आणि किती वेळ थांबला हे कोणी विचारत नाही. ठरलेल्या उंचीनंतर दुरुस्तीचा प्रयत्न बंद. नियमाचा फायदा असा, की तो घालताना नियम करणारा घसरत नव्हता.

स्टंटच्या कार्यक्रमांची गोष्ट तिसरीच. ‘फिअर फॅक्टर’चं मूळही नेदरलँड्समध्येच, 1998 च्या एका कार्यक्रमात आहे. आपल्याकडे 2008 मध्ये कलर्स वाहिनी सुरू झाली तीच ‘खतरों के खिलाडी’ घेऊन, अक्षयकुमार सूत्रसंचालक. हेलिकॉप्टरला लटकणारा स्पर्धक प्रचंड घाबरलेला असतो, पण कमरेला दोर, खाली पाणी आणि आजूबाजूला बचावपथक असतं, त्यामुळे त्याची भीती शंभर टक्के आणि धोका त्या मानाने नगण्य. उलट घरापासून मैदानापर्यंतच्या रस्त्यावर भीती शून्य आणि धोका खरा. भीती हे धोक्याचं मोजमाप नाही, हे सांगायला हे कार्यक्रम उत्तम साधन ठरले असते, पण ते नेमकं उलटं शिकवतात. केंब्रिजचे संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड स्पीगलहॉल्टर हे तेव्हा ‘धोका’ या विषयाचेच प्राध्यापक होते. ते 2011 मध्ये बीबीसीच्या ‘विंटर वाइपआउट’ या धडपडण्याच्या कार्यक्रमात स्वतः उतरले होते. आपल्या विषयाची भीतीची बाजूही अंगावर घेतलेली बरी, असं त्यांना वाटलं असेल तर नवल नाही.

इथे पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव घेऊन कोणी हरकत घेईल. त्यांनी आयुष्यातली पहिलीच उडी 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर मारली, मग हिशेबाच्या गोष्टी कशाला? हरकत रास्त आहे. ती उडी धाडसच होती, आणि ती तशीच सांगितली पाहिजे. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. 2006 मध्ये अंटार्क्टिका, त्यानंतर शेकडो उड्या, 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी साडीचा फोटो छापला. ताशी 190 किलोमीटरच्या वाऱ्यात सुटलेला पदर पॅराशूटच्या दोऱ्यांत किंवा मुठीवर अडकला तर काय होईल, हे माहीत असलेल्या माणसाला त्या फोटोत वेगळंच दिसतं: कुठेही सुटं टोक राहू न देता आवळून बसवलेलं कापड आणि मोकळ्या ठेवलेल्या दोन मुठी. पहिली उडी बातमी होते. खेळ त्यानंतर सुरू होतो.

मोठा आक्षेप असा, की पैसा आणि जीव यांची तुलनाच कशी करायची? स्पर्धक हरला तर आला तसा परत जातो, स्कायडायव्हर परत जात नाही. खरं आहे. म्हणूनच एका खेळाने शिस्त अंगी बाणवली आणि दुसऱ्याला तिची गरज पडली नाही. तुलना नुकसानीची नाही, निर्णय कसा बिघडतो याची आहे, आणि फ्रँकचं मन पडद्यावरच्या युरोंसाठी जसं वागलं तसंच ते उंचीच्या फुटांसाठीही वागलं असतं. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो खुद्द या खेळातूनच आलेला आहे. पॅराशूट झटक्यात तोडता यावं म्हणून तीन कड्यांची युक्ती शोधणारा आणि दोघांच्या जोड-उडीचं साधन घडवणाऱ्यांपैकी एक असलेला बिल बूथ याचा एक नियम प्रसिद्ध आहे: साधनं जितकी सुरक्षित होतील तितके लोक जास्त धोके पत्करतील, आणि मृत्यूचं प्रमाण होतं तिथेच राहील. तसं असेल तर हा सगळा हिशेब व्यर्थ. आकडे मात्र बूथच्या बाजूने पूर्णपणे उभे राहत नाहीत. अमेरिकेत 1970 च्या दशकात वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक स्कायडायव्हर मरत. 2023 मध्ये सुमारे साडेछत्तीस लाख उड्यांत दहा मृत्यू झाले. प्रमाण स्थिर राहिलं नाही, चांगलंच कोसळलं. तरीही बूथ अर्धा बरोबर आहे. आजच्या मृत्यूंतला मोठा हिस्सा व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली होतो. लहान, वेगवान छत्र्या घेऊन जमिनीलगत तीव्र वळण मारत उतरण्याची हौस वाढली, आणि तिथे वळण सुरू करायचं की नाही हा निर्णय शेवटच्या काहीशे फुटांत, ऐन क्षणी घ्यावा लागतो. म्हणजे जे निर्णय जमिनीवर आणता आले तिथे माणसं वाचली, जो एक निर्णय हवेतच राहिला तिथे ती मरत राहिली. बूथचा नियम माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, त्याची हद्द दाखवतो.

आणि खेळ त्या हद्दीशीही झगडतो आहे: आपल्या वजनाच्या मानाने छत्री किती लहान घ्यायची याच्या शिफारशी, उतरण्याचे स्वतंत्र अभ्यासक्रम, वेगाने उतरणाऱ्यांसाठी वेगळी जागा. गेम शोचा स्पर्धकही असं काहीसं करू शकेल. कितव्या प्रश्नानंतर, किती खात्री नसेल तर उठायचं, हे घरच्यांसोबत बसून, कागदावर लिहून, मुंबईची गाडी पकडण्याआधी ठरवता येतं. निर्मात्याला ते आवडणार नाही. कागदावर ठरवून आलेला स्पर्धक ‘लॉक करू?’ या प्रश्नाला दोन सेकंदांत उत्तर देतो, आणि मग जाहिरातींच्या आधी लांबवायला काही उरत नाही.